प्रवासी जहाजांचे आचारी व बंदरांतील भाजीबाजार

शेतमालाचें गिऱ्हाईक कोण आहे, तें कोठें उभें आहे व त्यास नेमकें काय हवें आहे, हें ज्या शेतकऱ्यास उमगलें त्याची निम्मी विक्री झाली असें समजण्यास हरकत नाहीं. पीक कसें काढावें ह्याविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें व बोललें जातें. परंतु पिकविलेला माल कोण, कशासाठीं आणि कोणती पारख करून विकत घेतो, ह्याचा विचार त्या मानानें फार थोडा होतो. सबब प्रस्तुत लेखांत एका निराळ्याच गिऱ्हाइकाची ओळख वाचकांस करून देण्याचें योजिलें आहे. हें गिऱ्हाईक म्हणजे देशोदेशींच्या बंदरांतून फिरणाऱ्या विलासी प्रवासी जहाजावरील मुख्य आचारी होय.

अशा जहाजांवरील उतारू एका गांवाहून दुसऱ्या गांवीं पोहोंचण्यासाठीं प्रवास करीत नाहींत. फिरणें, खाणें व विसावा घेणें हाच त्यांच्या प्रवासाचा हेतु असतो. त्यांच्या करमणुकीसाठीं कित्येक कंपन्यांनीं अशी प्रथा पाडली आहे कीं, जहाज बंदरास लागलें म्हणजे मुख्य आचाऱ्यानें थोड्या उतारूंना बरोबर घेऊन गांवच्या मंडईंत जावें, तेथील माल दाखवावा, कांहीं जिन्नस विकत घ्यावे व संध्याकाळीं ते शिजवून वाढावे. सीबोर्न ह्या कंपनीनें ह्या प्रकारास ‘शॉपिंग विथ द शेफ’, म्हणजे आचाऱ्याबरोबर बाजारहाट, असें नांव दिलें. वरवर पाहतां ही धनिकांची हौस आहे. तथापि ज्या टोपलींतील माल तो आचारी उचलतो ती टोपली कोणा तरी बागाईतदाराची किंवा कोळ्याची असते, आणि म्हणून ह्या हौशीपासून पिकविणाऱ्याच्या पदरांत काय पडतें व काय पडत नाहीं, हा प्रश्न आपल्या विचाराचा आहे.

फेरी कशी निघते

जहाज बहुधा पहाटे बंदरांत शिरतें. न्याहारी उरकली कीं, दहा-पंधरा उतारूंची टोळी घेऊन आचारी किनाऱ्यावर उतरतो. मंडई जवळ असल्यास पायीं, दूर असल्यास मोटारीनें ही मंडळी जातात. आचारी प्रथम सर्व बाजारांतून एक फेरी मारतो व कांहींएक विकत घेत नाहीं. कोणत्या दुकानापाशीं गांवचीं माणसें उभीं आहेत, कोणता माल त्या दिवशीं पुष्कळ आला आहे, कोणता हंगामाच्या शेवटास आला आहे, हें तो पाहून ठेवतो. दुसऱ्या फेरीस खरेदी होते. मासळी, हंगामाचें फळ, एखादी पालेभाजी, तेथील चीज, ऑलिव्ह किंवा मसाल्याचा जिन्नस, एवढाच बहुधा ह्या खरेदीचा पसारा असतो. उतारूंना चव पाहावयास मिळते व विकणाऱ्याशीं दोन शब्द बोलावयास मिळतात. संध्याकाळीं तोच माल ताटांत येतो आणि तो कोणत्या बाजारांतून आला हेंहि सांगितलें जातें. उतारू पदार्थाबरोबर त्याची हकीकतहि विकत घेत असतो, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पुढील विवेचनांत तिचा उपयोग होईल.

जहाजाचा शिधा येथून भरला जात नाहीं

ही टोळी पाहून पुष्कळांचा असा समज होतो कीं, जहाजाचा सर्व शिधा गांवच्या बाजारांतूनच भरला जात असावा. हा समज चुकीचा आहे, आणि तो साध्या हिशोबानें दूर होतो. एक लहानसें विलासी जहाज घ्या. त्यावर ४५० उतारू व ३३० नोकर, मिळून ७८० माणसें आहेत असें धरूं. दर माणशीं तीन वेळचें जेवण धरलें तर दिवसास २,३४० ताटें होतात. दर माणशीं पाव किलो भाजी धरली तरी दिवसास १९५ किलो व दहा दिवसांच्या सफरींत जवळजवळ वीस क्विंटल भाजी लागते. आतां मोठें जहाज घ्या. २०२४ सालीं फिरूं लागलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ ह्या जहाजावर उतारू अधिकांत अधिक सुमारें ७,६०० व नोकर सुमारें २,३५० असतात. त्याच मापानें पाहतां तेथें एका दिवसास पंचवीस क्विंटलांच्या आसपास भाजी हवी. इतका माल सकाळच्या बाजारांत टोपलीटोपलीनें गोळा करणें कोणासहि शक्य नाहीं. तसें कोणी केलेंच तर त्या गांवच्या गृहिणींस त्या दिवशीं भाजी मिळावयाची नाहीं.

म्हणून जहाजाचा मुख्य शिधा ज्या बंदरांतून सफर सुरू होते तेथें, जहाजांस माल पुरविणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्यांकडून, आगाऊ करारानें भरला जातो. त्यास तीन कारणें आहेत. पहिलें कारण वर सांगितलेलें परिमाण. दुसरें कारण सारखेपणा: शंभर ताटांत शंभर फोडी एकाच आकाराच्या हव्या असतात. तिसरें कारण आरोग्याचे नियम, आणि हें सर्वांत कडक आहे.

अमेरिकेच्या आरोग्यखात्याची एक स्वच्छता-तपासणी १९७५ सालापासून चालू आहे. परदेशच्या बंदरांतून अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या, तेरा किंवा अधिक उतारू नेणाऱ्या जहाजांस ती लागू पडते. तपासनीस पूर्वसूचना न देतां येतात व शंभरांपैकीं गुण देतात. ८५ किंवा त्यांहून कमी गुण पडल्यास जहाज नापास होतें व तो निकाल जाहीर होतो. थंड ठेवावयाचे नाशवंत पदार्थ ५ अंश सेंटिग्रेड किंवा त्याखालीं व गरम ठेवावयाचे ५७ अंश किंवा त्यावर राहिले पाहिजेत. शिंपल्या व कालवें ज्या पोत्यांतून आलीं त्याची ओळखचिठ्ठी नव्वद दिवस जपून ठेवावी लागते. हेतु हा कीं, कोणी आजारी पडल्यास तो माल कोणत्या पाण्यांतून निघाला हें शोधतां यावें. अनेक जहाजांवर पुठ्ठ्याचीं खोकीं भटारखान्यांत नेऊं देत नाहींत, कारण त्यांच्या घड्यांतून झुरळें शिरतात. माल धक्क्यावरच काढून स्वच्छ डब्यांत भरला जातो.

तात्पर्य, जहाज हें एक गिऱ्हाईक नसून दोन आहेत. एक गिऱ्हाईक क्विंटलांनीं, करारानें व कागदपत्रानें माल घेतें. दुसरें दहा-वीस किलो घेतें, पण तें चवीसाठीं व नांवासाठीं घेतें. ह्या दोहोंची गल्लत करणारा शेतकरी दोन्हींकडून निराश होईल.

व्हेनिसची रिआल्टो मंडई

आतां एक प्रत्यक्ष बाजार पाहूं. इटलींतील व्हेनिस शहर खाऱ्या उथळ पाण्याच्या सरोवरांत बेटांवर वसलेलें आहे. तेथील रिआल्टो पुलाजवळ सुमारें ९०० वर्षांपासून बाजार भरत आला आहे. भाजीचा भाग निराळा व मासळीचा निराळा असून, मासळीबाजाराची कमानींची इमारत १९०७ सालची आहे. रविवार व सोमवार मासळी विकली जात नाहीं. म्हणून जहाज सोमवारीं बंदरास लागलें तर आचाऱ्यास मासळीवांचून परतावें लागतें. मोठीं जहाजें शहराच्या अगदीं उंबऱ्यापाशीं येऊन पाण्याचा व इमारतींच्या पायांचा नाश करतात अशी तक्रार होती. त्यावरून १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरील जहाजांस शहरासमोरील ज्युदेक्का कालव्यांतून जाण्याची बंदी झाली. आतां त्यांचे उतारू दूरच्या धक्क्यांवरून शहरांत येतात.

ह्या मंडईंत भाजीच्या ढिगांत खोंचलेल्या चिठ्ठ्यांवर एक नांव वरचेवर दिसतें, तें म्हणजे ‘सांत एरास्मो’. हें त्याच सरोवरांतील एक बेट असून तें व्हेनिसचा भाजीमळा म्हणून प्रसिद्ध आहे. जमीन चिकण व खारवट. आपल्या कोंकणांतील खाजण जमिनी ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस तिची कल्पना येईल. तेथील मुख्य पीक जांभळा आर्टिचोक हें आहे. हें झाड आपल्या करडईच्या कुळांतलें. त्याचें न उमललेलें कांटेरी बोंड भाजीसाठीं खातात. ह्या बेटावरील मळेकरी मुख्य दांड्याच्या शेंड्याचें पहिलें बोंड एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या आरंभापर्यंत कोंवळें असतांनाच कापतात. हेतु दुहेरी आहे. आपण हरभऱ्याचे शेंडे खुडतों तेव्हां जसे बाजूस फुटवे फुटतात, तसें हें पहिलें बोंड कापल्यानें झाडाचा जोर बाजूच्या फांद्यांत जातो व पुढें अठरा-वीस बोंडें मिळतात. दुसरा हेतु हा कीं, तें पहिलें बोंड इतकें कोंवळें असतें कीं, त्याच्या चकत्या करून, वर ऑलिव्हचें तेल व मीठ घालून, कच्चेंच खातां येतें. ह्या पहिल्या बोंडास तेथें ‘कास्त्राउरे’ असें स्वतंत्र नांव आहे व पुढच्या बोंडांहून त्यास बराच चढा भाव मिळतो.

येथें विचार करण्यासारखी गोष्ट आहे. जें काम झाडाच्या भल्यासाठीं करावयाचेंच होतें, त्यांत निघालेला माल टाकून न देतां, त्यास वेगळें नांव देऊन, त्याचा थोड्या दिवसांचा हंगाम गाजवून, तो चढ्या भावानें विकण्याची युक्ति त्या मळेकऱ्यांनीं साधली आहे. जहाजाचा आचारी एप्रिलच्या अखेरीस रिआल्टोवर आला तर तो ह्याच बोंडांसाठीं येतो. कारण हा माल करारानें क्विंटलांनीं मिळत नाहीं. तो त्या पंधरा दिवसांत, त्या बाजारांतच मिळतो. व्यापाऱ्याच्या गोदामांत नसलेली वस्तु आपल्यापाशीं असणें, हेंच लहान शेतकऱ्याचें खरें भांडवल होय.

ह्याच बाजारांत भिंतींत बसविलेली एक जुनी संगमरवरी पाटी आहे. कोणती मासळी किती लांबीहून लहान असल्यास विकूं नये, हें तिच्यावर कोरलेलें आहे: तारलीच्या जातीची सात सेंटिमीटर, वाम पंचवीस, कालव पांच, आणि ह्याप्रमाणें इतर. पिल्लें विकूं नयेत म्हणजे पुढच्या वर्षीं मासळी राहील, हा त्यांतील आशय. बाजाराचा नियम हा केवळ गिऱ्हाइकाच्या रक्षणासाठीं नसून उत्पादनाच्या रक्षणासाठींहि असूं शकतो, हें ह्या पाटीवरून दिसून येतें.

आचारी माल कसा पारखतो

आचाऱ्याची पारख समजून घेणें शेतकऱ्यास हिताचें आहे, कारण शहरांतील चोखंदळ गिऱ्हाईकहि हळूहळू तीच शिकत असतें. मासळीचे डोळे फुगीर व चकचकीत, कल्ले लाल, आणि बोटानें दाबल्यास मांस पुन्हां वर येणारें असावें. वास समुद्राचा यावा, मासळीचा येऊं नये. पालेभाजीचें पान तो पाहतोच, पण त्याआधीं देंठाचा कापलेला भाग पाहतो. तो सुकून तपकिरी झाला असेल तर वरून कितीहि पाणी शिंपडलेलें असो, माल शिळा आहे हें त्यास कळतें. फळ तो रंगावरून घेत नाहीं. देंठाजवळचा वास व हातांतील वजन ह्यांवरून घेतो. इटलींत गिऱ्हाइकानें मालास हात लावणें हें असभ्यपणाचें मानतात. काय हवें व केव्हां खावयाचें हें सांगावें, आणि विकणारा त्याप्रमाणें निवडून देतो. आज खावयाचें फळ निराळें व तीन दिवसांनीं खावयाचें निराळें. ह्या पद्धतीमुळें माल चेंगरत नाहीं व विकणाऱ्याचें शब्दाचें मोल वाढतें.

आचारी तीन प्रश्न हमखास विचारतो: माल कोठून आला, केव्हां तोडला, आणि आणखी किती दिवस येईल. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणें बहुतेक ताज्या फळांवर व भाज्यांवर उगमाच्या देशाचें नांव लिहिणें बंधनकारक आहे. मासळीवर तिची जात, ती कोणत्या समुद्रांतून आली, व ती जाळ्यांत धरलेली कीं पाळलेली, हेंहि लिहावें लागतें. तथापि कायद्याची चिठ्ठी निराळी आणि मळेकऱ्याच्या तोंडून मिळालेलें उत्तर निराळें. ज्यास आपल्या शेताचें नांव, वाणाचें नांव व तोडणीचा दिवस बिनचूक सांगतां येतो, त्याच्याकडून आचारी माल घेतो. जो ‘माल चांगला आहे, घेऊन जा’ एवढेंच म्हणतो त्याच्यापुढून तो निघून जातो.

असाच एक बाजार क्रोएशियांतील स्प्लिट बंदरांत भरतो. रोमन बादशहा डायोक्लीशन ह्याच्या जुन्या राजवाड्याच्या पूर्वेकडील भिंतीबाहेर आसपासच्या गांवचे शेतकरी स्वतःचा माल मांडून बसतात. तेथील मासळीबाजारांत माशा फिरकत नाहींत, आणि जवळच्या गंधकाच्या झऱ्याचा तो गुण आहे असें स्थानिक लोक सांगतात. उतारूंस ही हकीकत फार आवडते. एखाद्या बाजाराचें नांव दूरवर जावयास केवळ मालच कारण होतो असें नाहीं, हें ह्यावरून ध्यानांत यावें.

बार्सिलोनाचा धडा

येथवर फायद्याची बाजू झाली. दुसरी बाजू स्पेनमधील बार्सिलोना शहरानें दाखविली आहे. तेथील ‘बोकेरिया’ मंडईचा पहिला उल्लेख १२१७ सालचा असून आजच्या जागेवरील मंडईचा आरंभ १८४० सालीं झाला. तिचें लोखंडी छत १९१४ सालचें आहे. जहाजांचा धक्का तेथून फार दूर नाहीं. जहाजें वाढलीं तसे पाहुणेहि वाढले, आणि मंडईंत अशी गर्दी होऊं लागली कीं, पिशवी घेऊन येणाऱ्या गृहिणीस दुकानापर्यंत पोहोंचणेंच कठीण झालें. पाहुणे छायाचित्रें काढतात, पण कच्ची मासळी किंवा कोबीचा गड्डा घेऊन ते काय करणार? ते हातांत धरून खातां येईल तेवढेंच घेतात. तेव्हां कित्येक दुकानदारांनीं भाजी कमी करून चिरलेल्या फळांचे व रसांचे पेले मांडले. अखेरीस एप्रिल २०१५ मध्यें नगरपालिकेनें शुक्रवारीं व शनिवारीं सकाळीं आठपासून दुपारीं तीनपर्यंत पंधराहून अधिक पाहुण्यांच्या टोळ्यांस मंडईंत बंदी केली.

ह्यांत एक विपरीत प्रकार दडलेला आहे. पाहुणा बाजार पाहावयास येतो, कारण तो गांवकऱ्यांचा खरा बाजार असतो. पाहुण्यांमुळें गांवकरी यावयाचे थांबले कीं, तो बाजार उरत नाहीं. आणि बाजार उरला नाहीं म्हणजे पाहण्यासारखेंहि कांहीं उरत नाहीं. व्हेनिसमध्यें हेंच दुसऱ्या रीतीनें घडत आहे. तेथील जुन्या शहरांत १९५१ सालीं सुमारें पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ सालीं ती संख्या पन्नास हजारांखालीं गेली. घरें पाहुण्यांस भाड्यानें गेलीं, रहिवासी निघून गेले, आणि रोज किलो-अर्धा किलो मासळी घेणारें गिऱ्हाईक घटल्यामुळें रिआल्टोवरील मासळीची दुकानेंहि कमी झालीं. वर्षाचे तीनशें दिवस जो बाजार जगवितो तो गांवचा रहिवासी. जहाजाचा आचारी हा सणासुदीचा पाहुणा. पाहुण्याचें आदरातिथ्य करावें, परंतु त्याच्यासाठीं घरच्यांस उपाशी ठेवूं नये, हा व्यवहार आपणांस नवा नाहीं.

फळाबरोबर कीड फिरते

जहाज एका बंदरांतून फळ घेतें व दुसऱ्या बंदरांत जातें; म्हणून ह्या व्यवहाराची आणखी एक बाजू शेतकऱ्यानें विसरूं नये. एका फळांतून फळमाशीच्या अळ्या एका देशाच्या बागांतून दुसऱ्या देशाच्या बागांत जाऊं शकतात. ह्याच भीतीनें ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व अमेरिका ह्या देशांत उतारूंस ताजीं फळें घेऊन किनाऱ्यावर उतरूं देत नाहींत. न्यूझीलंडमध्यें न सांगतां आणलेल्या एका सफरचंदाबद्दलहि जागच्या जागीं ४०० डॉलर दंड होतो. बाजारांतून हौसेनें घेतलेलें फळ जहाजावरच खावें, किनाऱ्यावर नेऊं नये, असा त्याचा अर्थ.

आपल्या बागाईतदारांस ही गोष्ट अनुभवानें ठाऊक आहे. मे २०१४ मध्यें युरोपीय संघानें फळमाशीच्या कारणावरून भारतांतील आंबा व कांहीं भाज्या ह्यांची आयात बंद केली. आंब्यावरील बंदी जानेवारी २०१५ मध्यें उठली. अमेरिकेंत आपला आंबा २००७ सालापासून पुन्हां जाऊं लागला, तोहि किरणांची प्रक्रिया करूनच. बागेंत सडकीं फळें पडूं न देणें, तीं गोळा करून पुरणें व फळमाशीचे सापळे लावणें हें काम घरच्या बाजारापुरतें नसून परदेशच्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोंचणारें आहे.

आपल्या किनाऱ्याचा विचार

मुंबई व गोव्यांतील मुरगांव ह्या बंदरांत परदेशी प्रवासी जहाजें पावसाळा सोडून येतात. मुंबईस उतारू बॅलार्ड पिअर येथें उतरतात, आणि तेथून दोन मैलांच्या आंत क्रॉफर्ड मार्केट आहे. ही इमारत १८६९ सालीं पुरी झाली. तिच्या दारावरील दगडी चित्रांत लॉकवुड किपलिंग ह्यानें हिंदी शेतकरी कोरविले आहेत. आज ती मंडई ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या महात्मा जोतीराव फुले ह्यांच्या नांवानें ओळखली जाते. घाऊक बाजार मात्र १९९६ सालीं नवी मुंबईस हलला. अर्थात् पाहुण्यास जी मंडई दिसते तेथें शेतकरी दारावरच्या दगडांत आहे, गाळ्यावर बहुधा नाहीं. गोव्यांत म्हापशाचा शुक्रवारचा बाजार ह्याच्या उलट आहे. तेथें गांवोगांवचीं माणसें आपला माल स्वतः घेऊन बसतात.

जहाजांच्या भटारखान्यांशीं आपला संबंध जुना आहे. गोमंतकांतील माणसें इंग्रजांच्या आगबोटींवर आचारी व खानसामे म्हणून पिढ्यान् पिढ्या गेलीं. बोटीवरून उतरल्यावर राहण्यासाठीं मुंबईंत त्यांच्या गांवांच्या नांवानें ‘कूड’ चालत असत. आजहि प्रवासी जहाजांवर आपल्याकडील पुष्कळ तरुण काम करतात. कोकम, त्रिफळ किंवा खोलची मिरची म्हणजे काय, हें त्यांस शिकवावें लागत नाहीं. मुख्य आचाऱ्यास बाजार दाखविणारा माणूस बहुधा त्याच्याच हाताखालचा आपला मनुष्य असूं शकतो, ही गोष्ट आपल्या उपयोगाची आहे.

जहाजांचा हंगाम व आपल्या पिकांचा हंगाम ताडून पाहिला तर मेळ चांगला बसतो. डिसेंबर ते मार्च महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, जानेवारी ते एप्रिल नाशिकचीं द्राक्षें, मार्च ते मे कोंकणचा हापूस, आणि सुकें कोकम व वेंगुर्ल्याचे काजू तर बाराहि महिने. ह्यांपैकीं बहुतेकांस भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस २०१० सालीं, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमास २०१६ सालीं व कोंकणच्या हापुसास २०१८ सालीं. सांत एरास्मोच्या मळेकऱ्यांनीं जें नांव आपल्या बोंडास मिळवून दिलें, तें आपल्या मालास कायद्यानें आधींच मिळालें आहे. वापर मात्र कमी आहे. शिवाय २०१६ सालीं महाराष्ट्रांत फळें व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियंत्रणांतून वगळण्यांत आल्यामुळें आवाराबाहेर थेट विक्री करण्याची वाटहि मोकळी झाली आहे.

शेतकऱ्यांनीं काय करावें

वरील विवेचनावरून कांहीं गोष्टी निष्पन्न होतात, त्या क्रमानें देतों.

१. घाऊक करार व मंडईंतील फेरी ह्या दोन गोष्टी निराळ्या ठेवाव्या. जहाजास माल पुरविणाऱ्या व्यापाऱ्याशीं व्यवहार करावयाचा तर तो एकट्यादुकट्या शेतकऱ्यानें करूं नये. प्रतवारी, शीतसांखळी व नियमितपणा संभाळणाऱ्या सहकारी संस्थेनें किंवा उत्पादक कंपनीनेंच करावा. त्यांत नफा थोडा, पण खप मोठा.

२. फेरींतील गिऱ्हाइकासाठीं मोजकाच पण अव्वल माल ठेवावा. कोंवळा, पहिल्या तोड्याचा, किंवा दुसरीकडे न मिळणारा वाण असेल तर त्यास नांव द्यावें व तोडणीचा दिवस चिठ्ठीवर लिहावा.

३. नांव खोटें लावूं नये. दुसऱ्या प्रांतांतील आंबा ‘देवगड’ म्हणून एकदां विकला गेला तर तोटा त्या एका पेटीचा होत नाहीं. देवगडच्या प्रत्येक प्रामाणिक बागेचा होतो. आचारी चव विसरत नाहीं.

४. माल स्वच्छ प्लास्टिकच्या करंड्यांतून न्यावा; गवत, माती व पुठ्ठे आचाऱ्याच्या कामाचे नाहींत. कीडका माल वेगळा काढावा.

५. बाजाराची वेळ वांटून घ्यावी. पहाटेपासूनचे पहिले कांहीं तास घरच्या गिऱ्हाइकांचे. पाहुण्यांच्या टोळ्या त्यानंतर व लहान असाव्या. हा नियम गांवानें आधींच केला तर बार्सिलोनाप्रमाणें मागाहून बंदी करण्याची वेळ येत नाहीं.

६. मालाची हकीकत सांगावयास शिकावें. कोकमाचें फळ कसें फोडतात, साल किती वेळां रसांत बुडवून वाळवितात, हें सांगणाऱ्याचें आगळ अधिक विकलें जातें. ती हकीकत खरी असली पाहिजे, एवढेंच.

ह्या सर्वांतून एखाद्या शेतकऱ्याचा वर्षाचा हिशोब एकदम बदलेल असें आमचें म्हणणें नाहीं. दहा किलोंची खरेदी दहा किलोंचीच राहते. परंतु ती दहा किलो ज्या कसोटीवर घेतली जाते, ती कसोटी म्हणजे ताजेपणा, प्रामाणिक नांव, नेमकी प्रत व स्वच्छ बांधणी. आणि जो माल त्या कसोटीस उतरतो, तो पुण्याच्या मंडईंतहि दोन पैसे अधिक आणतो. आचारी येवो न येवो, मळ्यांत व टोपलींत एवढी तयारी असावी. तिचा लाभ घरच्या गिऱ्हाइकाकडूनहि मिळाल्यावांचून राहत नाहीं.